पाचही पाहिल्याशिवाय

विजयाताईंचा नागपूरहून फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "सुधाकाकू गेल्या गं," एवढंच त्या म्हणाल्या. मग बराच वेळ फोनमधून त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत राहिला. फोन ठेवताना मात्र त्यांना राहवलं नाही. "आता वर कोणाकोणाचे नंबर लावून राहिल्या असतील कोण जाणे," म्हणाल्या, आणि हसता हसताच त्यांनी फोन ठेवला.

नंबर लावणं म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय काकू सांगता येणार नाहीत.

जयपूरला माझी बदली झाली तेव्हा आदर्श नगरात काकूंच्या घराची वरची खोली मला भाड्यानं मिळाली. ऑफिस सी-स्कीममध्ये, विमा कंपनीचं. मी एकटी, पुस्तकं बरीच, बोलणं कमी. काकू सांगलीकडच्या. काका केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात मोठे अधिकारी होते, निवृत्तीनंतर इथेच घर घेऊन राहिले, आणि पुढं त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डाव्या हातात एक स्टीलचा चमचा असायचा. काकू नजरेआड झाल्या की पलंगाच्या लोखंडी कठड्यावर ते तो चमचा आपटायचे. काकू दिसल्या की आवाज थांबायचा.

त्या चमच्याभोवती सगळं घर मांडलेलं होतं. स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांतून काढून मागच्या अंगणात टेकवून ठेवलं होतं, म्हणजे गॅसपाशी उभ्या असलेल्या काकू काकांना पलंगावरून दिसाव्यात. पुढच्या खोलीत वेताची एक खुर्ची होती. ती टीव्हीकडे तोंड करून नव्हती, पलंगाकडे होती. काकांना काकूंचा चेहरा दिसला पाहिजे ना! त्यामुळे काकू टीव्ही बघायच्या तो मान वळवून, तिरका. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. मी खोलीची किल्ली मागायला आले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"थांब हं जरा. दुसरा बोलतोय."

पडद्यावर एक नट तावातावानं काही बोलत होता आणि समोर नायिका नुसती उभी होती. त्याचं बोलणं संपलं तशा काकू म्हणाल्या, "बघितलंस? हा बोलतोय तोवर ही आपल्या वाक्याची वाट बघतेय. ऐकत नाहीये. चौथी." मग किल्ली दिली.

दर हिवाळ्यात सिनेमाच्या मोठ्या पारितोषिकासाठी नामांकनं जाहीर व्हायची. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून पाच नावं हिंदी पेपरात यायची. त्या दिवसापासून काकूंचा मोसम सुरू. कोपऱ्यावरचा सीडीवाला मुलगा पाचही सिनेमांच्या सीड्या आणून द्यायचा. "आंटीजी, इस साल कौन?" असं विचारायचा आणि काकू त्याला म्हणायच्या, "पहले देखने तो दे." सिनेमा सलग कधी बघता यायचा नाही. मध्ये औषध, मध्ये भांडं, मध्ये कूस बदलणं. तुकड्यातुकड्यानं पाचही बघायच्या, काही प्रसंग पुन्हा बघायच्या, आणि मग पहिलीपासून पाचवीपर्यंत क्रम लावायच्या. कुठे लिहायच्या नाहीत. त्यांना तो पाठ असायचा, मागच्या सगळ्या वर्षांचासुद्धा.

त्यांचे नियम होते. रडणं धरायचं नाही, हा पहिला. "रडू कुणालाही येतं गं. रडून झाल्यावर ती उठते कशी ते बघ." दुसरा नियम, दुसरं माणूस बोलत असताना हिच्याकडे बघायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे पाचही पाहिल्याशिवाय एकीचाही नंबर सांगायचा नाही. चार बघून कुणी मत दिलं तर त्या चिडायच्या. "मतलब, न बघता एखादीला पाडायचं? तिनं काय केलंय ते तरी बघाल की नाही?"

प्रत्यक्षात पारितोषिक कुणाला मिळतं याच्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. "ते बक्षीस देतात. मी क्रम लावते," असं म्हणायच्या.

क्रम जाहीर व्हायचा तो हळदीकुंकवाला. आमच्या मराठी बायकांची हळदीकुंकवं संक्रांतीपासून घरोघरी चालायची, पण काकू कुणाकडे जाऊ शकत नसत. म्हणून शेवटचं, रथसप्तमीचं, त्यांच्याकडे ठरलेलं. तिथं नाव घ्यायचा आग्रह नव्हता. तिळगूळ हातावर ठेवताना काकू म्हणायच्या, "उखाणा नको. पहिली कोण आणि पाचवी कोण, तेवढं सांग." बँकेतल्या, पोस्टातल्या, रेल्वेतल्या साहेबांच्या बायका पदर सावरून नट्यांची नावं घ्यायच्या. काका पलंगावरून बघत असायचे. एवढ्या बायका खोलीत आणि काकू मधोमध फिरताहेत, सतत दिसताहेत, म्हणून तो दिवस त्यांचाही बरा जायचा.

विजयाताई कांबळे म्हणजे या दरबारातला विरोधी पक्ष. यजमान रेल्वेत, माहेर-सासर दोन्ही नागपूरकडचं, आवाज खणखणीत. एका वर्षी पाचांतली एक नटी वाळवंटातल्या खेड्यातली बाई झाली होती, आणि तिचा पोळ्या करण्याचा एक लांबलचक प्रसंग होता. विजयाताईंनी तिळगूळ तोंडात टाकायच्या आधीच तोफ डागली.

"ही बाई जन्मात चुलीपुढं बसली नाही काकू! पीठ मळून राहिली का लादी पुसून राहिली? हिला तर पाचवी पण देऊ नका."

सगळ्या हसल्या. काकू एवढ्या काटेकोर की आता त्या नटीची धडगत नाही, असं आम्हां सगळ्यांनाच वाटलं.

"माझ्याकडे ती पहिली आहे," काकू म्हणाल्या.

"काय बाप्पा!"

"हात चुकलाय तिचा, खरंय. पण ती पिठाकडे बघते का, सांगा. एकदाही नाही बघत. आपण बघतो का? वीस वर्षं पोळ्या केलेली बाई पिठाकडे बघत नाही, कुठेतरी भिंतीकडे बघते. हिला हात नाही जमला, कंटाळा जमला. हात शिकवता येतो विजया. कंटाळा कोण शिकवणार?"

विजयाताईंनी तिळगूळ तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "तुम्ही तर बाई आम्हाला घरी जाऊन पोळ्या पण करू देणार नाही." आणि पुन्हा हशा झाला. मी मात्र त्या संध्याकाळी खाली दूध आणायला गेले तेव्हा काकू पोळ्या लाटत होत्या. दार नसलेल्या चौकटीतून त्या पलंगाकडे बघत होत्या, लाटण्याकडे नाही.

तक्रार त्यांच्या तोंडून कधी आली नाही. एकदाच, काकांची नखं काढताना, सहज बोलाव्यात तशा म्हणाल्या, "हे बरे होते तेव्हा थिएटरात जायचं म्हटलं की रागवायचे. तीन तास अंधारात बसून काय मिळतं तुला, म्हणायचे. आता रागावता येत नाही, म्हणून चमचा." आणि काकांकडे बघून, जरा मोठ्यानं, "हो की नाही हो?" काकांनी डोळे मिटले. काकूंनी पुढचं बोट हातात घेतलं.

लेक इंदूरला होती. ती बोलवायची, माणूस ठेव म्हणायची. दोन-तीन माणसं ठेवूनही झाली, पण काकांनी चमच्यानं त्यांना पळवून लावलं. काकूंशिवाय ते राहत नाहीत, हे त्या घरात भिंतीसारखं पक्कं होतं. त्याला हात लावून बघायचं कुणाच्या मनातही येत नसे.

माझ्या तिथल्या तिसऱ्या हिवाळ्यात अडचण आली. पाचांपैकी चार सिनेमे सीडीवर मिळाले. पाचवा अगदी अलीकडचा होता. त्याची सीडी निघाली नव्हती आणि जयपुरात तो एकाच थिएटरला लागलेला होता. डोंगरातल्या एका गावात घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा आणि त्याची बायको, अशी काहीतरी गोष्ट होती. पेपरवाले त्या नटीचं फार कौतुक करत होते. रथसप्तमी जवळ आली. एका संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "यंदा क्रम नाही सांगायचा मी. हळदीकुंकू करू नुसतं."

मी ते विजयाताईंना सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्या दारात हजर.

"काकू, मी बसते काकांजवळ. तुम्ही अन् वीणा जा पिक्चरला."

"वेड लागलंय का तुला? राहणार आहेत का हे?"

"माझ्या सासऱ्यांचं सगळं मीच केलं नं! चमच्याला मी भीत नाही. तुम्ही साडी बदला."

दोन दिवस चर्चा चालली. शेवटी काकू तयार झाल्या. त्यांनी काकांना सगळं समजावून सांगितलं. कुठे जातेय, कधी येईन, विजया कुठे बसेल. लहान मुलाला सांगावं तसं नाही, साहेबाकडे रजा मागावी तसं. काका छताकडे बघत होते. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा चमचा सुरू झाला. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत तो ऐकू येत होता, आणि नंतरही काकू तो ऐकतच होत्या, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं.

दुपारचा खेळ, थिएटर जवळजवळ रिकामं. मी मधल्या खुर्च्यांकडे वळले तर काकू पार कडेच्या खुर्चीवर जाऊन बसलेल्या.

"काकू, मध्ये बसा ना. इथून तिरकं दिसेल."

"असू दे गं. मला समोरून बघायची सवय नाही."

त्या पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. पाठ टेकली नाही. पण सिनेमा सुरू झाला तसं मी पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त पाहिलं. ती नटी खरंच विलक्षण होती. म्हातारा दिवसभर घड्याळात डोकं घालून बसतो आणि ती त्याच्याभोवती आवाज न करता वावरते. काकू पुढं वाकल्या होत्या. एकदा नुसतं "अगं बाई" म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. भूक म्हणावी असं.

मध्यंतराचे दिवे लागले. काकू उठल्या.

"चल."

"काकू, मध्यंतर आहे. अजून अर्धा..."

"चल वीणा. मघापासून काही ऐकू येत नाहीये मला."

रिक्षात त्या सीटच्या कडेवर बसून होत्या. फाटकाशी उतरलो. घरातून काहीच आवाज येत नव्हता. काकू पायऱ्या जवळजवळ धावतच चढल्या. दार ढकललं. काका गाढ झोपले होते, तोंड किंचित उघडं. चमचा उशीशेजारी ठेवलेला. विजयाताई काकूंच्या खुर्चीवर बसून मटार सोलत होत्या, आणि खुर्ची त्यांनी टीव्हीकडे वळवून घेतली होती.

"इतक्या लवकर कशा आल्या? थोडा वेळ वाजवलं त्यांनी. मी म्हटलं, वाजवा, मला काय! मग थांबले. शिरा खाल्ला चांगला वाटीभर, अन् झोपले. काही त्रास नाही बाप्पा."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "चांगलं झालं." हसल्यासुद्धा. पण त्यांनीच मला शिकवलं होतं, की दुसरा बोलत असताना हिच्याकडे बघायचं. विजयाताई बोलत होत्या तेव्हा मी काकूंकडे बघत होते. एका हातानं त्यांनी दाराची चौकट धरली होती. ती त्यांनी नंतरही बराच वेळ सोडली नाही. सुटका झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. इतकी वर्षं ज्या भिंतीला टेकून आपण उभे होतो ती भिंत नव्हतीच, असं कुणीतरी सांगितलं तर होईल तसा होता.

विजयाताई जाताना म्हणाल्या, "उद्या परत जा. उरलेला पाहून या. काका तर माझ्याजवळ मस्त राहतात!"

"जाईन ना," काकू म्हणाल्या.

सिनेमा आणखी एक आठवडा होता. एक दिवस नळवाला येणार होता. एक दिवस काकांचं अंग कोमट लागत होतं. एक दिवस धुण्याची बाई आली नाही. मी रोज संध्याकाळी विचारायची आणि त्या रोज "उद्या" म्हणायच्या. मग पोस्टर बदललं. खुर्ची तर त्यांनी सिनेमाहून परतलो त्याच दिवशी पुन्हा पलंगाकडे वळवून ठेवली होती.

रथसप्तमीला त्यांनी क्रम सांगितला नाही. "अर्धी पाहिलीय मी. अर्ध्यावर कुणाला उभं करायचं आणि कुणाला पाडायचं?" बायकांनी आग्रह केला, विजयाताईंनी टोमणे मारले, पण नाही. पुढं पारितोषिक त्याच नटीला मिळालं. टीव्हीवर तिचं भाषण चालू होतं. मी काकूंकडे पाहिलं. एरवी अशा वेळी त्या आपला क्रम पुन्हा मांडायच्या, तावातावानं बोलायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "असेल. मला माहीत नाही." आणि भात लावायला उठल्या. नंतर सीडीवाला मुलगा आपणहून ती सीडी घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "अब क्या करना है?" म्हणाल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. सामान आदल्या दिवशीच ट्रकनं गेलं होतं. रविवार होता. गाडी संध्याकाळची. वरची खोली रिकामी, म्हणून मी दुपारभर खाली काकूंजवळ येऊन बसले. टीव्ही चालू होता, आणि बोलता बोलता लक्षात आलं की तोच सिनेमा लागलाय. मध्यंतर होऊन गेलं होतं. काकूंनी रिमोट हातात घेतला, पण चॅनल बदललं नाही.

जाहिराती येत होत्या, जात होत्या. काकूंनी हळूच खुर्ची फिरवली. पूर्ण नाही, पण पडद्याकडे. काकांना आता त्यांची पाठ दिसत असणार. चमचा सुरू झाला. काकूंनी मागे न बघता हात वर केला, मला पहिल्या दिवशी केला होता तसाच, आणि आवाज मोठा केला. चमचा वाजत होता, त्या बघत होत्या. शेवटाकडे ती बाई घर सोडून निघते. म्हातारा आत टेबलाशी, ती दारात. तिचा हात कडीवर. आणि नेमका तेव्हा काकांच्या हातून चमचा निसटला. खोलीत आवाज थांबला.

काकूंनी झटकन वळून पलंगाकडे पाहिलं. काका ठीक होते. काकूंनी वाकून चमचा उचलला, त्यांच्या हातात दिला. परत वळल्या तोवर पडद्यावर ती बाई डोंगराची वाट उतरत होती आणि नावं वर सरकत होती.

"पाचवी," काकू म्हणाल्या. "एवढं सगळं चांगलं केलं आणि शेवटी माती केली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही गं तिनं. असं कुणी जातं का?"

"काकू, ती वळते."

"कधी?"

"कडीला हात लावल्यावर. तुम्ही तेव्हा काकांकडे बघत होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या नजरेतून काही निसटल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांनाही आठवत नसावं.

"सीडी आणून देते मी आत्ता. कोपऱ्यावर मिळेल," मी म्हटलं.

"नको. तू दाखव कशी वळली."

"मी? काकू, मला कुठे..."

"दाखव गं. उठ."

मी उठले. दाराशी गेले, कडीवर हात ठेवला आणि मला आठवत होतं तसं मागे वळून पाहिलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं, नट्यांकडे बघायच्या तितक्याच बारकाईनं. मग मान हलवली.

"नाही. तुझी गाडी आहे संध्याकाळी. तू जाणारच आहेस. तुझं वळणं निराळं." त्या खुर्चीतून उठल्या. "सरक."

त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठ आमच्याकडे. पदर खांद्यावरून पुढं घेतला आणि कडीवर हात ठेवला. खिडकीबाहेर रणरणतं ऊन होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. काका चमचा आपटायला लागले. मला वाटलं, आता वळतील. त्या वळल्या नाहीत. काकांनी जोरात आपटायला सुरुवात केली. कठडा थरथरत होता. काकूंनी कडी काढली आणि दार थोडं उघडलं. उन्हाची एक पट्टी त्यांच्या पावलांवर पडली. सिनेमातली बाई इतका वेळ थांबली नव्हती. चमच्याचा आवाज हळूहळू मंद झाला, एक-दोनदा अडखळला, आणि थांबला.

तेव्हा त्या वळल्या.